निळे आकडे

रिझवाना रोह्याजवळच्या वरसे गावात घरबसल्या पेणच्या एका कंपनीसाठी संगणकावर शोधनिबंधांची पानं लावायची. हात इतका साफ, की कंपनीतला नासिर म्हणायचा, "रिझवानाचं काम तपासायची गरजच नाय." या कौतुकानंच बाई शेफारली.

एक दिवस कमळाकर सरांचा निबंध आला. माहेरी, जिते गावात, सरांनीच तिला गणित शिकवलेलं. शाळा सुटली की सर बापाच्या मिठागरात राबायचे. खारं पाणी किती वेगानं आटतं, यावर त्यांनी आता तेवीस समीकरणं मांडली होती. मागणी एवढीच, की मजकुरात 'समीकरण ७' आलं आणि त्यावर बोट टेकवलं, की थेट सातवं समीकरण उघडावं. वाचणाऱ्यानं पानं चाळत बसू नये.

सरळ रीत अशी, की प्रत्येक समीकरणाला आतून एक नाव द्यायचं आणि मजकुरात त्या नावानं बोलवायचं. आकडा आपोआप पडतो, दुवाही जोडला जातो. रिझवानाला आला कंटाळा. तिनं आकडे हातानं टाकले आणि त्यांना नुसता निळा रंग फासला. दिसायला हुबेहूब दुवे! दाबून कोण बघतंय?

सरांनी दाबून बघितलं. लगेच फोन आला. "रिझवाना, हे जात नाय गो कुठं."

तेव्हाच खरं सांगायचं की नाही? पण हिच्या तोंडून निघून गेलं, "सर, तुमचं बोट नीट लागत नसेल."

"व्हय, तसंच असेल. रेशनच्या यंत्रावर पण माझा अंगठा उठत नाय. मिठानं रेषाच खाल्ल्यात."

फोन ठेवला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या आठ दिवसांत तिनं सगळे दुवे पहिल्यापासून जोडले, सरांना नवी फाइल पाठवली आणि रोह्याहून गाडीनं जित्याला गेली. 'सुधारलेली फाइल' एवढंच म्हणायचं, बाकी गप्प बसायचं, असं तिनं वाटेत ठरवलंही होतं.

सरांच्या ओटीवर इंदुबाई नवऱ्याच्या बोटांना कोमट खोबरेल चोळत होत्या. "रोज चोळते गो. त्या निळ्या आकड्यांपायी."

सरांनी बोट पुसलं आणि मोबाईलवर टेकवलं. सातवं समीकरण झटकन समोर आलं. "इंदू, लागलं गो! तुझ्या तेलानं गुण दिला!"

आता गप्प राहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण रिझवानाला ते सोसवेना. "सर, बोट तुमचं चांगलंच होतं. दुवे मी जोडलेच नव्हते. नुसता रंग दिला होता. आणि वर खोटं बोलले."

इंदुबाईंनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"मी पण दाबून बघितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, जन्म मिठागरात गेला, आपली बोटं यंत्राला कशी कळायची."

"आता दाब," सर म्हणाले.

इंदुबाईंनी पदराला बोट पुसलं आणि दाबलं. पान उघडलं तशा त्या हसल्या. रिझवानाला त्यांच्याकडे बघवेना.