घरच्या मुलीचे मार्क

“बाई, तुमच्या मुलीचं अगदी थोडक्यात हुकलं,” कॉलेजचे प्रवेशप्रमुख चष्मा पुसत म्हणाले. “पण थोडक्यात काय आणि भरपूर काय, हुकलं ते हुकलं.”

टेबलाच्या अलीकडे सरकारी शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाई बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी. बाईंना मुलं मागून ‘कात्री’ म्हणत. नाव काही उगीच पडलं नव्हतं. उत्तराला एकक लिहायचं राहिलं, काप मार्क. आकृतीला नावं दिली नाहीत, काप. पालक रडून गेले, मुख्याध्यापक समजावून थकले, पण बाई बधल्या नाहीत. या ख्यातीचा त्यांना मनातून अभिमानच होता. आज मात्र त्या विनवणी करायला आल्या होत्या, आणि विनवणीची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज भांडल्यासारखा लागत होता.

“खासगी शाळांत काय चालतं, तुम्हाला ठाऊक नाही का? मार्कांची नुसती खिरापत वाटतात. आमची मुलं एकेका मार्कासाठी रक्त आटवतात. आणि तुम्ही दोघांना एकाच तागडीत तोलता?”

“दुसरी तागडी आणू कुठून, बाई? कळतं हो आम्हालाही. पण शाळेने पाठवलेला आकडा आम्ही जसाच्या तसा धरतो. आज एका शाळेला वाढवून दिले, तर उद्या दुसरी दारात उभी.”

बाई मुलीकडे न बघता म्हणाल्या, “हिचे मार्क मी कापलेत.”

“तुम्ही सगळ्यांचेच कापता म्हणे,” प्रमुख हसले.

“तसं नव्हे. प्रात्यक्षिकात हिचं काहीच चुकलं नव्हतं. पण आईच्या हातून पूर्ण मार्क मिळाले असते, तर शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली असती. म्हणून थोडे काढून घेतले. आपलीच आहे, सोसेल, असं वाटलं.”

मुलीने मान वळवून आईकडे पाहिलं.

“म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“मी सुट्टीभर तेच आठवत बसले होते गं. कुठे चुकलं असेल म्हणून.”

बाईंना सुट्टीतले दिवस आठवले. मुलगी घरी पुन्हा पुन्हा विचारायची, आणि भाजी चिरता चिरता त्या म्हणायच्या, ‘नीट आठव, सापडेल.’ पोटच्या पोरीला नसलेली चूक शोधायला लावली होती त्यांनी.

प्रमुख आता हसत नव्हते. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. “असं असेल तर लिहून द्या. ‘मार्क देताना मी न्याय केला नाही,’ एवढंच. एक जागा रिकामी आहे, हिचा विचार करता येईल.” बाईंनी झडप घातल्यासारखं पेन उचललं. “पण आधीच सांगतो. तुम्ही स्वतःच कबूल केल्यावर तुमच्या हातचे बाकीचेही मार्क तपासावे लागतील. तुमच्या शाळेच्या ज्या मुलांना इथे प्रवेश मिळालाय, ती सगळी तोवर थांबतील. आणि फी भरायची मुदत आज संपते.”

“म्हणजे त्यांच्या जागा जातील?”

“जातील असंच धरा.”

मुळात होतीच किती मुलं? सरकारी शाळेतून या कॉलेजात पोचलेली, बोटांवर मोजता येतील एवढी. बाईंना एकेकाचा चेहरा दिसायला लागला. मग त्यांना रागच आला. लोकांच्या मुलांचा ठेका काय मीच घेतलाय? आयुष्यात एकदा तरी आपल्या लेकराच्या बाजूने उभं राहावं की नाही? त्यांनी पेन कागदाला टेकवलं. हात मात्र पुढे सरेना. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

मुलीने ते पाहिलं. ती उठली, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, “येते सर,” म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर फीच्या खिडकीपुढे रांग लागली होती. रांगेतून कुणीतरी तिला हाक मारली. तिच्याच वर्गातली मैत्रीण, रंगाऱ्याची मुलगी.

“अगं, देवासारखी भेटलीस! मार्कलिस्टची झेरॉक्सच काढायची राहिली बघ. माझा नंबर धरशील? एकदा गेले की हे लोक परत मागे उभं करतील. तुझं काय झालं गं?”

“ते नंतर. मार्कलिस्ट घे आणि फाईल दे इकडे, मी उभी राहते. तू पळ आधी, खिडकी बंद होईल.”

मैत्रीण धावत जिना उतरून गेली. मागून आलेल्या बाई भिंतीपाशी थबकल्या. लेकीजवळ जावं, काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. पण त्या भिंतीपासून हलल्या नाहीत. शेजारी कुणाचे तरी वडील रुमालाने मान पुसत उभे होते. रांगेकडे बघत त्यांनी विचारलं, “ती तुमची का हो? चेहरा अगदी तुमचाच आहे.”

“हो, माझीच.”

“नशीब काढलं हो पोरीने. इथे नंबर लागणं म्हणजे खायचं काम नाही.”

बाईंनी मान हलवली. रांग पुढे सरकली. मैत्रिणीची फाईल छातीशी धरून मुलगीही एक पाऊल पुढे सरकली.