पायरीखालची टिंबं

टेबलावर बासष्ट उत्तरपत्रिका होत्या, प्रत्येकीत अपूर्णांकांची सहा गणितं. शेजारी दोन परीक्षकांच्या गुणांचे दोन तक्ते, एक पट्टी, एक कॅल्क्युलेटर. आणि मॅडमच्या कपाटात, कुलपात, एक चिकटवलेलं पाकीट. उत्तरपत्रिकांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. कुठला क्रमांक कुठल्या वर्गाचा, हे त्या पाकिटात होतं.

एक वर्ग नेहमीच्या पद्धतीने शिकला होता. शिक्षक गणित सोडवून दाखवणार, मुलं उतरवून घेणार. दुसऱ्या वर्गाला माझ्या ताईने शिकवलं होतं. ती रोज फळ्यावर एक चुकलेलं गणित लिहायची आणि गाडी नेमकी कुठे घसरली ते मुलांनी शोधायचं. तिची नेमणूक एका वर्षाची, फक्त या प्रयोगापुरती होती. तिच्या वर्गाची सरासरी तीसपैकी निदान तीन गुणांनी जास्त आली तर शाळा ही पद्धत ठेवणार होती, आणि ताईलाही. नाहीतर दोन्ही नाही. हे परीक्षेच्या आधीच ठरलं होतं आणि त्यावर मॅडमची, मुख्याध्यापकांची आणि ताईची सही होती. शाळेच्या समितीची बैठक शुक्रवारी होती. आज मंगळवार.

हा प्रयोग चालवणाऱ्या मॅडमची मी संशोधन साहाय्यक. पदवी भौतिकशास्त्राची, पण मोजमापाच्या ओढीने या शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात आलेली. सख्ख्या बहिणीचा मामला असल्याने मॅडमनी माझ्याकडे एवढंच काम ठेवलं होतं: दोन परीक्षकांचे गुण एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं.

पस्तीस पत्रिकांचे गुण छान जुळले. उरलेल्या सत्तावीस पत्रिकांत तीन ते पाच गुणांची तफावत होती, आणि प्रत्येक वेळी हात आखडता घेणारे परीक्षक एकच होते. उपकरण सगळीकडे सारखं चुकत असेल तर दोष उपकरणात असतो. ठरावीक जागीच चुकत असेल तर त्या जागेत काहीतरी असतं. मी त्या सत्तावीस पत्रिका वेगळ्या काढून जमिनीवर पसरल्या आणि उभी राहून पाहिलं.

प्रत्येक पानावर, पायऱ्यांच्या खाली, पेन्सिलीची बारीक टिंबं होती.

ती मी ओळखली. ताईच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी ती पडताना पाहिली होती. पायरी पुन्हा तपासली की तिच्याखाली टिंब. ‘टिंब दिलंस? मग पुढे जा,’ असं ती दिवसातून शंभरदा म्हणायची. नावं आम्ही एवढ्या निगुतीने झाकली, आणि पोरांनी पानापानावर आपल्या बाईंची सही करून ठेवली होती.

दोन्ही परीक्षक शेजारच्या खोलीतच होते. एक निवृत्त गणित शिक्षक. विद्यार्थ्यांनी त्यांना ‘अर्धा गुण’ असं नाव पाडलं होतं, कारण उभ्या नोकरीत त्यांनी तो कुणाला फुकट दिला नव्हता. दुसऱ्या थोरल्या बाई, त्यांच्याच वयाच्या, सगळ्या जगाला ‘बाळा’ म्हणणाऱ्या.

“सर, ही टिंबं तुमच्या लक्षात आली होती का?” मी एक पत्रिका पुढे केली.

“आली म्हणजे? मी काय डोळे मिटून तपासतो?” अर्धा गुण म्हणाले. “हा नव्या पद्धतीचा वर्ग, हे पाचव्या पत्रिकेलाच कळलं. म्हणून जरा कडकच तपासलं. उगाच लाड केले असं नंतर कुणी म्हणायला नको.”

“अगंबाई!” थोरल्या बाई म्हणाल्या. “मला तर टिंब दिसलं की बरं वाटायचं बाळा. लेकराने परत पाहिलंय, तर पायरीचा एखादा गुण देऊन टाकावा.”

“देऊन टाकावा! तुमच्या घरचा आहे का तो?”

“आणि तुमच्या घरचा असल्यासारखा तुम्ही का धरून बसलात?”

मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या, दार लावलं आणि माझ्याकडे वळल्या.

“किती पत्रिका?”

“टिंबं असलेल्या सगळ्या मोजल्या तर एकोणतीस.”

एकोणतीस हा ताईच्या पटाचा आकडा होता.

“एकाने ओढून धरलं, एकीने सोडून दिलं,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “सरासरी काढली की फिट्टंफाट होईल.”

“दोघांनी सारखंच ओढलं असेल तर होईल. ते आपल्याला माहीत नाही.”

“फरक कुठल्या बाजूला वाकलाय असं वाटतं तुला?”

“ते मोजल्याशिवाय नाही सांगता येणार.”

“लोक काय म्हणतील ते सांगता येईल मला. बहिणीचे गुण वाढावेत म्हणून ही मुलगी उकरत बसली, असं म्हणतील.”

“म्हणूनच पाकीट उघडायच्या आधी सांगतेय, मॅडम.”

मॅडमनी मुख्याध्यापकांना फोन लावला. एक आठवडा वाढवून मागितला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. समिती काही माझ्या खिशात नाही, शुक्रवारी जे समोर असेल त्यावर निर्णय होईल, आणि काहीच नसलं तर त्या वर्गाला दुसरे शिक्षक बघावे लागतील. मॅडमनी फोन ठेवला आणि पदराने चष्मा पुसला.

“सगळ्या पत्रिका टाईप करायच्या. अक्षर नको, टिंबं नकोत, फक्त पायऱ्या आणि उत्तरं. तपासायला दोन नवे शिक्षक, पूर्ण बाहेरचे. आणि तू,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “एकाही पानाला हात लावायचा नाहीस.”

घरी आमचा एक नियम होता. पाकीट फुटेपर्यंत परीक्षेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. नियम ताईनेच केला होता. त्या संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी समोर बसून मोजे जोडत होते.

“तराजू,” ती म्हणाली. लहानपणापासून मला हीच हाक. “तीन वेळा चुकीचा मोजा जोडलास.”

“लक्ष नव्हतं.”

“काहीतरी बिनसलंय. तुझ्या तोंडावर लिहिलंय.”

मी पुढचा मोजा उचलला.

“एवढंच सांग. माझी पोरं आपटली का?”

“मला माहीत नाही ताई. खरंच. पाकीट बंद आहे.”

“मग तोंड का पाडलंयस?”

“नियम तुझा आहे.”

ती हसली, पण हातातला सदरा उलगडून तिने त्याची पुन्हा पहिल्यापासून घडी घातली. “पुढच्या वर्षासाठी दोनशे चुकलेली गणितं काढून ठेवलीत मी,” ती म्हणाली. “चूक बनवणं किती अवघड असतं माहितीये? उगाच कुठलीही चालत नाही. पोरांना खरी वाटली पाहिजे.”

बुधवारी सकाळी मॅडम आणि कार्यालयातले दोन टंकलेखक बसले. तीनशे बहात्तर उत्तरं. मला दाराजवळची खुर्ची मिळाली होती, हात मांडीवर. ताडून पाहायचं काम अर्धा गुणांनी मागून घेतलं होतं. कालपासून ते घुश्श्यात होते, कुणाशी धड बोलत नव्हते. एका हातात मूळ पत्रिका, दुसऱ्यात टाईप केलेलं पान, आणि पुटपुटणं अखंड.

दुपारी ते एकदम ओरडले, “हे अकरा छेद बारा कुणी लिहिलं?”

धाकटा टंकलेखक दचकला. “तीन छेद चार अधिक एक छेद सहा. अकरा छेद बाराच येतं ना सर?”

“येतं! पण पोराला आलंय का? पोराने चार छेद दहा लिहिलंय!”

टंकलेखकाने मूळ पान पाहिलं आणि कान पकडले. “शाळेत गणितात पहिला यायचो हो. हात आपोआप बरोबर लिहितो.”

“इथे बरोबर लिहायचं नाही! चुकीचं चुकीचंच लिहायचं, अगदी जसंच्या तसं!”

मी खुर्चीत ताठ झाले. किती ठिकाणी? त्याने तोवर शंभर उत्तरं केली होती. अर्धा गुणांनी ती सगळी परत मागवली आणि पहिल्यापासून ताडली. सात ठिकाणी मुलांची चूक दुरुस्त झाली होती. ती कुठल्या वर्गाची मुलं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सातही ठिकाणी चूक परत जागेवर बसवताना त्यांचा चेहरा असा होता की जणू स्वतःच्या खिशातून काहीतरी काढून देत आहेत.

गुरुवारी बाहेरचे दोन शिक्षक आले, वेगवेगळ्या खोल्यांत बसले आणि संध्याकाळी आपापले तक्ते देऊन गेले. मी जुळवणी केली. दोन गुणांपेक्षा जास्त तफावत कुठेच नव्हती.

शुक्रवारी शाळेच्या शिक्षक कक्षात समितीचे पाच जण, मॅडम, मी, आणि टेबलाच्या टोकाला ताई. तिने पांढरी साडी नेसली होती आणि तिच्या बोटांना खडू लागलेला होता. वर्गातून तशीच उठून आली होती. मॅडमनी आधी सगळं सांगितलं: टिंबं, कडकपणा, लाड, टाईप केलेली पानं. टिंबांचं ऐकताना ताईने माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

“म्हणजे जुने गुण बाद?” समितीतल्या एकांनी विचारलं.

“बाद. बेरीजसुद्धा केलेली नाही,” मॅडम म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी पाकीट फोडलं. ते क्रमांक वाचत गेले, मॅडम गुण लिहीत गेल्या, आणि मी आणि समितीतले एक गृहस्थ वेगवेगळ्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करत गेलो. दोघांचं उत्तर एक आलं. मी कागद मुख्याध्यापकांकडे सरकवला.

“प्रयोगाचा वर्ग,” त्यांनी वाचलं, “अठरा पूर्णांक तीन दशांश. नेहमीचा वर्ग, पंधरा पूर्णांक सात दशांश.”

फरक निदान तीनचा हवा होता. ताईने समोरचा कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले. हातचा घेतला. उत्तर लिहिलं. मग खालून वर पुन्हा एकदा तपासलं, आणि त्याच्याखाली टिंब दिलं.

१८.३ वजा १५.७. फरक २.६.