मुक्काम भोसरी

समाधान भिवा कांबळे हा भोसरीचा वेल्डर. आवाज खडा. चौदा एप्रिलला वस्तीत भीमगीतं म्हणायचा, तेव्हा पलीकडच्या वर्कशॉपमधली पोरं हातातलं काम टाकून यायची. कंपनी बंद पडली आणि तो इराकला, बसराजवळच्या तेलाच्या साइटवर गेला.

तिथे अब्बास नावाच्या ड्रायव्हरशी त्याची दोस्ती झाली. अब्बास ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवायचा. वर्षानुवर्षं भारतीय कामगारांत राहून त्याला मोडकीतोडकी हिंदी येत होती. एकदा समाधानचं गाणं ऐकून त्याने विचारलं, "कौनसा मकाम?" समाधानने लगेच सांगितलं, "मुक्काम भोसरी."

अब्बास पोट धरून हसला. हा किस्सा समाधानने बहिणीला, आम्रपालीला, फोनवर सांगितला होता. "अगं, आपण राग म्हणतो ना, तसं काहीतरी. शब्द आपलाच, पण त्यांच्याकडं त्यात गाणं राहतंय."

पुढच्या महिन्यात टाकीत वेल्डिंग करताना स्फोट झाला. प्रेत पेटीतून आलं. चेहरा उघडू नका, असं बजावलेलं होतं. तसंच ते विद्युतदाहिनीत गेलं.

बाप, भिवा, मात्र ऐकेना. "त्यो आपला न्हाई. दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू धाडलंय." त्याने पुण्यानुमोदनाचा, मृत्यूनंतरचा विधी होऊ दिला नाही. आई, सोजरबाई, काहीच बोलली नाही.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आम्रपालीला परदेशातून फोन आला.

"मैं अब्बास. समाधान का मकाम कहाँ?"

तिला वाटलं, गाण्याचंच विचारतोय. "भैया, उसको राग-वाग नहीं आता था. ऐसेच गाता था."

"नहीं, नहीं." तो अडखळला. "हमारे यहाँ अच्छा आदमी जहाँ सोता है, कब्र, वो भी मकाम. मैं करबला जाता हूँ. उसके लिए दुआ करूँगा. जगह का नाम चाहिए."

भिवा कॉटवरून उठून आला. "कोन हाय?"

"दादाचा दोस्त. दादाचा मुक्काम विचारतोय."

भिवाचा चेहरा उजळला. "बघ! म्हंजी त्यो तिथनं निघालाय. कुठं उतरलाय त्ये विचार."

"तसं नाही, बाबा. त्यांच्यात समाधीला म्हणतात."

भिवाने तिच्या हातून फोन घेतला. "तुमने देखा? हमारा लडका था? पक्का?"

पलीकडून अब्बास म्हणाला, "मैंने निकाला, चाचा. मेरे हाथ में बोला, बाबा को मत बताना."

"मुँह?"

"मुँह नहीं था. आवाज थी."

भिवाने फोन मुलीला दिला. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. सोजरबाई ओट्यापाशी भाकरी थापत होती.

"आपलाच व्हता," तो म्हणाला.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठावं हाय. पायाचा अंगठा बघितला व्हता मी, कापड सरकवून."

"मंग बोललीस का न्हाई?"

"तुमी वाट बघत व्हता," सोजरबाई म्हणाली. "घरात कुणीतरी वाट बघतंय, एवढंच बरं वाटायचं."

भिवा उंबऱ्यावरच बसला. बाहेर आम्रपाली अब्बासला सांगत होती की जागा नाही, राख इंद्रायणीत सोडली. त्याला नदीचं नाव धड म्हणता येईना. ती पुन्हा पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून सांगत राहिली.