सातही वेळा अकरा तारीख

देवव्रत सरांनी पंखा बंद केला, तेव्हाच दर्शनाला कळलं की कायतरी बोंबललंय. पंख्याच्या खडखडाटात ओरडायला लागू नये म्हणून सर तो बंद करायचे, म्हणजे ओरडायचं तर नक्की असायचं.

चकाल्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा. खाली पुठ्ठ्याचे बॉक्स बनायचे, वर कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम चालायचं. माणसं तीन. सर, गार्गी आणि दर्शना. गार्गी पार्ल्याची, बी.ए., हळू बोलणारी. दर्शना असल्फाच्या डोंगरावरच्या वस्तीतली, नववीत शाळा सोडलेली, दोन महिन्यांपूर्वी लागलेली. तिच्याइतकं फास्ट टायपिंग सरांनासुद्धा यायचं नाही.

"अमेरिकेवाल्याचा मेल आलाय," सर म्हणाले. "म्हणतो, आमच्या शहरात मतदानाच्या दिवशी एकशे आठ डिग्री फॅरनहाइट कधीच नव्हतं. कुणीतरी बसल्या जागी आकडे ठोकलेत. ज्याने ठोकले त्याला आज काढा, नाहीतर उद्यापासून आमचं काम बंद."

तिकडच्या वाळवंटातल्या एका शहराचं काम होतं ते. मागच्या सात मोठ्या निवडणुका आणि मतदानाच्या त्या त्या दिवशी तिथं ऊन किती, वारा किती, पाऊस पडला की नाही. क्लायंटने तारखांची यादी पाठवलेली. दर्शनाने त्या तारखा शीटमध्ये महिन्याच्या नावासकट टाईप केल्या. समोर हवामान भरलं गार्गीने. सरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "झकास" म्हणून पाठवून दिलं.

"सहा वाजता मला नाव पाहिजे," सर म्हणाले. बघत मात्र दर्शनाकडेच होते.

तिच्या डोक्यात सणक गेली. "माझ्याकडे काय बघताय सर? आकडे हिने भरलेत!"

"दर्शना, मी साइटवर बघून भरलेत," गार्गी म्हणाली.

"हो ना! एका निवडणुकीला एकशे आठ, एका निवडणुकीला सहासष्ट. वाळवंट आहे की लॉटरी? काल दुपारभर फोनवर होतीस तू. कुठली साइट बघत होतीस गं?"

"आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं."

"सगळ्यांच्या आया ऐन कामाच्या वेळी आजारी पडतात."

गार्गीने मान वळवून स्क्रीनकडे केली. गप्प बसली म्हणजे चोर, असं दर्शनाचं साधं गणित होतं. सर केबिनमध्ये गेले. पंखा बंदच राहिला.

मग दर्शना तिच्यावर डोळा ठेवून बसली. गार्गीने दोनदा मोबाइल उचलला. एकदा शीट उघडली, थोडा वेळ बघत राहिली, बंद केली. जेवायला बसली तर डब्यातली पोळी अर्धीच खाल्ली. 'पुरावा मिटवते साली,' दर्शनाला वाटलं. आपण तिला आकडे ठोकताना पकडलं, तरच आपण वाचणार. नाहीतर संध्याकाळी असल्फाला जाऊन घरी काय सांगायचं? शाळा सुटली, आता हेही सुटलं?

पाच वाजून गेल्यावर गार्गी डबा धुवायला खाली गेली. तशी दर्शनाने हवामानाची साइट उघडली. शहराचं नाव टाकलं, दोन हजार सोळा, अकरा ऑगस्ट. आता बघ कशी पकडते.

एकशे आठ.

तिने पुन्हा बघितलं. मग दोन हजार चार, अकरा फेब्रुवारी. सहासष्ट. गार्गीने सहासष्टच लिहिलेलं. दोन हजार बारा, अकरा जून. गार्गीचाच आकडा, वारासुद्धा तिचाच. सातच्या सात बरोबर. गार्गीने एक टिंबसुद्धा ठोकलं नव्हतं.

दर्शनाला राग आला. इतका वेळ धरून ठेवलेला चोर चोर नसावा, याचाच जास्त.

मग चोर कोण? ती तारखांच्या रकान्यावरून खाली आली. अकरा जुलै. अकरा फेब्रुवारी. अकरा एप्रिल. अकरा जून. अकरा ऑगस्ट. अकरा मार्च. अकरा मे. सातही वेळा अकरा तारीख? महिना दर वेळी वेगळा आणि तारीख मात्र हलत नाही? असलं मतदान कोण घेतं?

शेवटच्या ओळीवर ती थांबली. दोन हजार चोवीस, अकरा मे. टाईप करताना ती बिनधास्त होती, कारण इलेक्शन म्हणजे मे महिनाच. शाळेच्या मैदानात मांडव, रांगेत घाम पुसणारी माणसं, बोटावर शाई आणि डोक्यावर रुमाल. पण अमेरिकेचा त्या वर्षीचा निकाल तिने टीव्हीवर बघितला होता. बघताना मांडीवर वाटी होती. शेजारच्या विमलाकाकूंनी दिलेला दिवाळीचा चिवडा होता त्यात.

दिवाळी कधी मे महिन्यात येते का?

तिने क्लायंटची यादी उघडली. 11/5/2024. ते लोक महिना आधी लिहितात. अकरावा महिना, पाच तारीख. नोव्हेंबर. सगळेच नोव्हेंबर. उलटं वाचलं ते दर्शनाने. बिचाऱ्या गार्गीने तिच्याकडून मिळालेल्या चुकीच्या दिवसांचं हवामान बरोबर शोधून लिहिलं होतं.

म्हणजे चोर आपणच. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. गुपचूप या सात तारखा बदलल्या तर? तारखा बरोबर दिसतील, आकडे चुकीचे दिसतील. आकडे गार्गीचे. सर परत शीट उघडतील आणि विषय संपला.

तिने शेवटची ओळ बदलली. पाच नोव्हेंबर. जिन्यात गार्गीच्या चपला वाजल्या. दर्शनाने बोट कीबोर्डवर धरून ठेवलं. मग स्वतःलाच एक शिवी घातली आणि परत अकरा मे केलं.

"सर!" तिची हाक खालच्या बॉक्सवाल्यांपर्यंत गेली असेल. "बाहेर या. नाव मिळालं. माझंच आहे."

तिने यादी दाखवली, शीट दाखवली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ही शीट त्यांनीही वरपासून खालपर्यंत बघितली होती, ते त्यांना आठवलं असावं. ते तिथेच बाहेरच्या कॉम्प्युटरवर मेल लिहायला बसले.

दर्शना गार्गीकडे वळली. "सॉरी यार. मी तुला काय काय बोलले."

"मला कळलं होतं," गार्गी म्हणाली.

"काय?"

"जेवायच्या आधीच. शीटचा फोटो काढून ठेवलाय मी. म्हटलं, तू तारखा बदलशील."

"आणि बोलली नाहीस? मला घाम फुटेपर्यंत बघत बसलीस?"

"तू माझ्या आईवर गेलीस ना. मग म्हटलं, बघू ही काय करते."

दर्शनाला ती एकदम आवडली आणि तेवढाच तिचा रागही आला. मेलं हे पार्लं, दिसतं तेवढं साधं नाही.

तेवढ्यात तिची नजर सरांच्या स्क्रीनवर गेली. इंग्रजी तिला सावकाश जमायचं, पण तिने वाचलं. झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व, संबंधित कर्मचाऱ्याला आजच काढून टाकलं आहे.

"सर, मला काढलं?"

"अगं मेलमध्ये काढलं. त्याला बरं वाटतं. तू बस, सात ओळी नव्याने भर. गार्गी, तू आकडे सांग हिला."

"मेलमध्ये काढलं म्हणजे काय? उद्या येऊ की नको?"

"ये म्हणतोय ना."

"त्याला लिहून दिलंत. मला नुसतं तोंडाने सांगताय."

गार्गीला हसू फुटलं. दर्शना हसली नाही. ती खुर्चीत बसली, पण हात मांडीवरच ठेवले.

"मला पण एक मेल टाका सर. दर्शनाला काढलेलं नाही म्हणून. आणि मराठीत टाका. मग भरते तुमचा नोव्हेंबर."

सरांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पावणेसहा झाले होते. त्यांनी एका बोटाने मराठी टाईप करायला घेतलं. दर्शना त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, एकेक अक्षर बघत.

"सर, 'नाही' राहिलं," ती म्हणाली.