खड्यांसकट भारचाचणी

आमचे जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. केबिनमध्ये ‘दहा माणसे’ अशी पाटी असली तरी ते तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आत लोखंडी वजनं रचतात, लिफ्ट वरखाली पळवतात, मध्येच ब्रेक लावून बघतात आणि मगच सही करतात. पाटी रंगारी लिहितो आणि रंगाऱ्याला लिफ्टमधून जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

एका मोठ्या कंपनीनं त्यांना नोकरी देऊ केली, तेव्हा घरात सगळ्यांनी आधी पगाराचा आकडा वाचला. मी चष्मा पुसून दोनदा वाचला. खाली लिहिलं होतं, ‘संपूर्ण कुटुंबासाठी आरोग्य विमा’. सोबत गुळगुळीत पुस्तिका. मुखपृष्ठावर आई, वडील, दोन मुलं आणि एक कुत्रा हसत होते. इतकी धडधाकट मंडळी विमा कशाला काढतात, हे मला कळलं नाही.

अडचण अशी की माझ्या मुलीच्या पित्ताशयात खडे आहेत. महिन्याभरानं ऑपरेशन ठरलेलं, जावईबापूंच्या आत्ताच्या छोट्या कंपनीच्या विम्यावर. नव्या कंपनीला माणूस त्याआधीच, एक तारखेला हवा होता. जागा थांबणार नाही, असं त्यांच्या एचआरच्या बाईंनी बजावलं होतं. म्हणजे ऑपरेशन नव्या विम्यावर. मी म्हटलं, बरंच झालं की, लहान छत्री टाकायची आणि मोठी उघडायची. जावईबापूंनी पाटीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तिका, सोनोग्राफीचे कागद आणि प्रत्यक्ष बायको एवढं घेऊन ते पुस्तिकेच्या यादीतल्या इस्पितळात गेले. मीही गेलो, घरी बसलो तर मला नंतर कुणी काही सांगत नाही. विम्याच्या खिडकीत एक तरुणी होती. लोक तिला दिवसभर एकच विचारत असणार, पैसे मिळतील ना. जावईबापूंनी विचारलं, ‘‘हा विमा अडकतो कुठे, तेवढं दाखवा.’’

तिचा चेहरा उजळला. खुर्ची पुढे ओढून तिनं थेट सतरावं पान उघडलं आणि एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. आधीपासूनच्या आजारांना पहिली दोन वर्षं विमा लागू नाही.

खडे परवाच झाले असं म्हणता येईल का, असं मी हळूच सुचवून पाहिलं.

‘‘बाबा, तुम्ही जरा त्या बाकावर जाऊन बसा,’’ मुलगी म्हणाली.

घरी आल्यावर जावईबापूंनी जे केलं, ते दुसऱ्या कुणा नोकरदाराला सुचलं नसतं. त्यांच्या धंद्यात चाचणी केली की अहवाल द्यावाच लागतो. त्यांनी आपला नेहमीचा छापील फॉर्म भरला आणि नव्या कंपनीला पाठवून दिला. उपकरण: आरोग्य विमा. पाटीवरील क्षमता: संपूर्ण कुटुंब. चाचणीचा भार: एक पत्नी, खड्यांसकट. निकाल: पान सतरावर बंद पडतो, दोन वर्षं हलत नाही. शेरा: ऑपरेशन होईपर्यंत जुनं उपकरण चालू ठेवणं आवश्यक, रुजू व्हायला सहा आठवड्यांची मुदत मिळावी. खाली सही आणि शिक्का.

मी म्हटलं, गेली नोकरी. जावईबापू म्हणाले, जाऊ दे, अहवाल बरोबर आहे. मुलीनं इस्पितळाची पिशवी भरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंचा फोन आला. पुस्तिकेतलं अक्षरही बदलता येणार नाही, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. मग म्हणाल्या की अहवाल फिरत फिरत देखभाल विभागाच्या साहेबांकडे गेला. सतराव्या पानापर्यंत पोचलेला हा पहिलाच उमेदवार, याला सोडू नका, असं त्यांचं मत पडलं. सहा आठवडे मंजूर.

जावईबापू आभार मानायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनं फोन काढून घेतला.

‘‘सहा नको, आठ करा,’’ ती म्हणाली. ‘‘टाके ओले असताना मी बादली उचलणार नाही. आणि आमच्या बाबांवर घरातला कसलाच भार टाकून बघितलेला नाही अजून.’’

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला. मग बाईंनी आठ आठवड्यांनंतरची तारीख वाचून दाखवली. जावईबापू ती कॅलेंडरवर लिहीत होते, तोवर मुलीनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि फरशी पुसायचं फडकं कुठे असतं ते दाखवलं.