साबणाने बुजवलेली चीर

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुमचा एक पाय आतून तडकला आहे, पण वरून कुणालाच ते दिसत नाही. डोक्यावर उकळत्या चहाने काठोकाठ भरलेली किटली आहे. समोर एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर शाल घेऊन बसले आहेत. तुम्हाला ओरडायचे आहे, पण तोंडच नाही.

मी एक जुनी लाकडी ढकलगाडी आहे, चहा वाटायची. ज्या सुताराने मला घडवले तो मला विकण्याआधी स्वतः माझ्यावर बसला होता. "कुरकुरली नाही पोरगी," असे म्हणाला आणि मगच त्याने मला विकले. वीस वर्षे मी एका दवाखान्यात आजाऱ्यांना चहा पोचवला. तिथून या घरी आले. पुढे थर्मास आले आणि माझ्यावर रद्दी साचू लागली. पावसात ओल्या छत्र्याही माझ्याच अंगावर टाकत.

मग घरातल्या धाकट्या लेकीचे लग्न ठरले. कचेरीत सह्या करायच्या आणि दुपारी चार वाजता घरीच चाळीस माणसांना चहा द्यायचा, एवढाच समारंभ. आखणी मोठ्या काकूंनी हाती घेतली. त्या शाळेत भूगोल शिकवत, म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीचा नकाशाच काढला. खुर्च्या कुठे, आजोबा कुठे, विहीणबाई कुठे, आणि माझी वाट तांबड्या पेन्सिलीने. धाकटे काका म्हणाले, वहिनी, वारा कुठून वाहणार तेही दाखवा. काकूंनी खरोखरच एक बाण काढला आणि विहीणबाईंची खुर्ची खिडकीपासून हलवली.

नवरीने स्वतः मला ढकलत न्यायचे आणि पहिला कप आजोबांना द्यायचा, असे ठरले. घरातली नऊ वर्षांची नात शेजारून साखरेचे भांडे घेऊन चालणार होती. ती एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. काकूंची अट एकच होती, गाडीवर बसायचे नाही. बसलीस तर साखर दुसरे कुणी वाटेल.

दोन दिवस आधी सगळे वरच्या खोलीत नवे कपडे पाहत असताना भिंगरी माझ्या खालच्या फळीवर बसली आणि तिने भिंतीला पाय लावून जोर दिला. मी उंबऱ्यावर आपटले. माझ्या पुढच्या पायाला आरपार चीर गेली.

ती रडली नाही. तिने कपडे धुण्याचा साबण आणला आणि चिरेत दाबून भरला. वरून बुटाचे तपकिरी पॉलिश फासले. माझा पाय पुन्हा धडधाकट दिसू लागला. मित्रांनो, मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी काकूंनी रंगीत तालीम घेतली. अर्ध्या किटलीत गार पाणी होते, म्हणून मी कशीबशी तग धरली. काकूंनी माझ्या फळीवर थाप मारली आणि म्हणाल्या, हल्लीच्या वस्तूंना असे पाय नसतात. भिंगरी नखे खात उभी होती.

समारंभाच्या दिवशी स्वयंपाकघरात काकांनी भरलेली किटली दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर ठेवली. पायाच्या आत काहीतरी 'कट्' वाजले. ते मी ऐकले आणि भिंगरीनेही. बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला, चहा मळ्यातून तोडून आणताय की काय. सगळे हसले. नवरीने माझी मूठ धरली.

"चल ग, साखर घे."

भिंगरीने साखरेचे भांडे उचलले. उंबरा दोन हातांवर होता आणि त्याच्या पलीकडेच आजोबांची खुर्ची.

"आत्या, ढकलू नको."

"आता काय झालं?"

"पाय मोडलाय तिचा. मी बसले होते. वरून नुसता साबण भरलाय."

नवरीने मूठ सोडली आणि काकांना खूण केली. काकांनी किटली उचलून ओट्यावर ठेवली. तेवढ्या धक्क्यानेही माझा पाय दुभंगला. मी गुडघ्यावर बसले आणि खालच्या फळीवरचे सहा कप फुटले. कप रिकामे होते. कुणाला ओरखडाही आला नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना कुठे दुखते ते सांगता येत नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावे लागते. आम्हाला जपून वापरा. आणि चुकून काही मोडलेच, तर ते झाकू नका. बोलणी खावी लागतील, पण भाजणार कुणी नाही.

काकूंनी नकाशाची घडी घातली. आता गाडी बाहेर जाणार नव्हती, चहासाठी माणसांनाच आत स्वयंपाकघरात बोलवावे लागणार होते. पण चाळीस पाहुण्यांना सांगायचे काय, या विचारात त्या पडल्या.

भिंगरीने साखरेचे भांडे ओट्यावर ठेवले आणि उंबरा ओलांडला. तिला सगळ्यांत जास्त धाक होता विहीणबाईंचा. ती सरळ त्यांच्याच खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चहा आत आहे, चला. गाडी मी मोडली." आणि त्यांना उठायला तिने आपला हात पुढे केला.