पोटातली काळी वाळू

मी एक पुतळा बोलतोय. चौकातला नव्हे. मला हार घालायला कुणी पुढारी येत नाही. मी फुटबॉलच्या सरावाचा पुतळा आहे: पिवळ्या प्लॅस्टिकचा, आतून पोकळ, माणसाच्या उंचीचा. खेळाडू माझ्या डोक्यावरून चेंडू मारायला शिकतात. मी फक्त उभा राहतो.

मी कारखान्यात तयार झालो आणि आइसलँडमधल्या एका मासेमारीच्या गावी गेलो. आम्ही पाच भाऊ होतो. पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याने चौघांना समुद्रात नेलं. एक जण पुढे जाळ्यात सापडला, पण कोळ्यांनी त्याला बोटीवरच ठेवून घेतलं. मी कुंपणाला अडकून वाचलो. तेव्हा बाल्दुर नावाच्या एका लांब हातापायांच्या पोराने किनाऱ्यावरची काळी वाळू आणून माझ्या पोटात भरली आणि टाचेजवळचं झाकण घट्ट लावलं. त्यानंतर मी हललो नाही.

बाल्दुर रोज माझ्या शेजारी उभा राहायचा. समोरून कुणीही धावत आलं तरी मी जागा सोडत नाही, हे त्याला फार आवडलं. तो तसंच उभं राहायला शिकला आणि त्या जोरावर व्यावसायिक बचावपटू झाला. नॉर्वेत खेळला, इंग्लंडमध्ये खेळला. दोनदा नाक मोडलं, जागा सोडली नाही. जाईल तिथे मला सोबत न्यायचा. विमानतळावर माझ्या पोटात काय आहे हे विचारायचे, तर तो म्हणायचा, "शिस्त." मग मला बाजूला घेऊन तपासायचे.

त्याचा शेवटचा सामना मला विसरता येत नाही. चेंडू अगदी हळू, त्याच्यापासून दोन पावलांवरून गोलात गेला. ती जागा त्याची नव्हती, म्हणून तो हलला नाही. संघ खालच्या गटात गेला. दुसऱ्या दिवशी रिकाम्या मैदानावर माझ्यासमोर उभं राहून त्याने विचारलं, "तूही हलला नसतास, हो ना?"

मग तो प्रशिक्षक झाला, आणि फिरत फिरत आम्ही ओमानला आलो, सीबच्या एका क्लबात. इथे मला सामानाच्या खोलीत ठेवतात. ती खोली लहूच्या ताब्यात आहे. लहू रत्नागिरीकडचा. चेंडूत हवा भरणं, कपडे धुणं, जाळी बांधणं ही त्याची कामं. तो दिवसभर फोनवर बायकोशी बोलतो, म्हणून मला मराठी येतं.

मैदानावर बाल्दुर माझ्या खांद्यावर हात ठेवून खेळाडूंना एकच सांगायचा, "याच्यासारखे व्हा."

"कोच, याला तहान लागत नाही," सुफियान म्हणायचा. तो डाव्या बाजूचा बचावपटू. "आम्हाला लागते."

"बोलतही नाही हा. तेही शिक."

संघ लागोपाठ तीन सामने हरला. क्लबचे अर्बाब, म्हणजे मालक, सामानाच्या खोलीतच येऊन उभे राहिले. "पुढचा सामना खाबुऱ्याला आहे. तिथे हरलात तर खलास," ते म्हणाले. "शुक्रवारचं तुमचं परतीचं विमान आहे." बाल्दुरने मान हलवली. त्याला दुसरं कुणी बोलावणार नव्हतं, हे त्याला, लहूला आणि मलाही माहीत होतं.

खाबुऱ्याच्या सामन्याच्या दिवशीच खंडेनवमी आली. लहूने हमरियाच्या बाजारातून झेंडू आणि कुंकू आणलं, पंप, शंकू, शिट्ट्या मांडल्या आणि बायकोला, म्हणजे प्रमिलावहिनींना, व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, धुतलंत का सगळं? पारोशी पूजा करताय का?"

"धुतलंय."

"मागे तो पिवळा कोण उभा आहे?"

"आमचा डिफेंडर."

"त्यालाही आंघोळ घाला. किती मळलाय तो."

लहूने झाकण उघडलं. आत काळं काहीतरी दिसलं. "बाई गं, केवढी घाण," वहिनी म्हणाल्या, आणि लहूने नळी लावून माझं पोट स्वच्छ धुऊन काढलं. आइसलँडचा किनारा सीबच्या गटारात वाहून गेला. मग मला कुंकू लागलं, हार मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा मला हलकं वाटलं आणि भीतीही वाटली.

बाल्दुर आला आणि माझं कपाळ बघून थबकला. "याला कुणी मारलं?"

"मारलं नाही साहेब, पूजा केली."

"राहू दे. बचावपटूच्या कपाळावर रक्त शोभतं."

खाबुऱ्यात त्याने लहूकडून मला आमच्या गोलजाळीशेजारी उभं करवलं, खेळाडूंना दिसेल असं. रेफरी म्हणाला, "हा रेषेच्या आत येता कामा नये."

"हा? हा जन्मात हललेला नाही," बाल्दुर म्हणाला.

सामना शून्य-शून्य चालला होता. शेवटी शेवटी समुद्राकडून वारा सुटला. तेवढ्यात त्यांच्या एका खेळाडूने आमच्या गोलरक्षकाला चकवलं आणि चेंडू हळूहळू रिकाम्या गोलाकडे निघाला. सुफियान दोन पावलांवर होता. तो शहाण्यासारखा आपल्या जागी उभा राहिला. बाल्दुरचा चेहरा मला दिसला. तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता.

आणि वाऱ्याने मला उचललं. मी घसरलो, कोलांटी खाल्ली, हारासकट रेषेवर आडवा झालो. चेंडू माझ्या पोटावर आपटून थांबला.

मैदानावर एकच गोंधळ उडाला. त्यांचा कप्तान विचारत होता, हा कुणाचा खेळाडू? रेफरीने बराच विचार केला. बाहेरची वस्तू आत आली, चेंडू अडला, म्हणून गोल नाही, असं त्याने जाहीर केलं. मग परवानगीशिवाय मैदानात आल्याबद्दल मला लाल कार्ड दाखवलं. सामना बरोबरीत सुटला. अर्बाब "यल्ला, यल्ला", चला चला, म्हणत गाडीत बसले. शुक्रवारबद्दल काही बोलले नाहीत.

बाल्दुर माझ्याजवळ येऊन बसला. त्याने मला उचललं आणि एका हातात तोलून बघितलं.

"साहेब, वाळू मी फेकली," लहू म्हणाला. "घाण वाटली."

बाल्दुरने मला खाली ठेवलं. "मला वाटायचं, हा शहाणा आहे म्हणून उभा आहे," तो म्हणाला. "हा वजनामुळे उभा होता." मग त्याने सुफियानला बोलावलं. "तू का हलला नाहीस?"

"तुम्हीच सांगितलंत कोच, याच्यासारखा हो."

"हो," बाल्दुर म्हणाला. "उद्याही याच्यासारखाच हो. पण आजच्या."

आता माझ्यावर एका सामन्याची बंदी आहे. मी सामानाच्या खोलीत आहे. हार वाळलाय, पण लहूला तो काढवत नाही. आज बाल्दुरने सीबच्या किनाऱ्यावरून वाळू आणली. ती पांढरट आहे, अजून थोडी कोमट आहे. ती त्याने स्वतःच्या हाताने माझ्या पोटात भरली. अर्धीच.

तुम्ही कधी या बाजूला आलात आणि मी मैदानावर आडवा पडलेला दिसलो, तर मला लगेच उचलू नका. आधी चेंडू कुठून येतोय ते बघा.